उलट्या दिशेचे ओरखडे

"तळ्यावर जायचं रद्द!" भोपूने जाहीर केलं, आणि तेही असं की वर्कशॉपमधल्या तिघा मेकॅनिकांनी दचकून मागे पाहिलं. "पोहणं रद्द! तंबू रद्द! सगळं रद्द!"

"अरे, हळू! गाडी मेलेली नाही, आजारी आहे," वकील म्हणाला.

दहा वर्षांच्या भोपूला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. वकील हा त्याचा आतेभाऊ, वय वर्षं बारा. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं, तरी 'पुरावा काय?' विचारायचा. आणि तिसरी भोपूची तेरा वर्षांची ताई. तिला सगळे 'पाना' म्हणायचे, कारण सुट्टीत आत्याकडे आली की ती हातात पाना घेऊन या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये पडीक असायची. नाव ठेवलं होतं इथल्या मुख्य मेकॅनिकने, वस्तादांनी. नटबोल्ट कसा आवळायचा, इंजिनाचा आवाज कसा ऐकायचा, सगळं तिला त्यांनीच शिकवलं होतं. वस्तादांचा शब्द म्हणजे पानाला काळ्या दगडावरची रेघ!

आत्या गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांवर जायला तिला खात्याने चारही चाकं ओढणारी दणकट गाडी दिली होती. काल दुपारी सर्व्हिसिंग करून ती तिने इथून नेली, एका अडलेल्या गाईसाठी डोंगरावर जाऊन आली, आणि आज सकाळी पाहते तर गाडीखाली काळ्या ऑइलचं थारोळं!

गाडी आता लिफ्टवर उंच चढवलेली होती. वस्तादांनी खालून टॉर्च मारला.

"चेंबर फुटलंय, डॉक्टरबाई. इंजिनाचं ऑइल साठतं ती टाकी. हा तिला जपणारा खालचा पत्र्याचा गार्ड बघा, आत चेपलाय, वर दोन ओरखडे. दगडावर घेतलीत तुम्ही गाडी."

"मी कुठेही आपटलेली नाही," आत्या म्हणाली.

"घाईत कळत नाही कधी कधी. मी रिपोर्टात तसंच लिहिणार. माझा नाइलाज आहे."

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. खात्याचे साहेब होते. चार वाजता ते स्वतः येणार होते. हलगर्जीपणा ठरला तर गाडी काढून घेणार, आणि आत्याने ऑफिसात बसून कागदांवर शिक्के मारायचे. मग डोंगरावरच्या जनावरांना कोण बघणार?

"आत्या," पाना चाचरत म्हणाली, "चुकून लागला असेल ना एखादा दगड? वस्ताद खोटं कशाला बोलतील?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती खुलासा लिहायला शोरूमच्या पाहुण्यांच्या खोलीत निघून गेली.

"शाब्बास! घरचा भेदी!" वकील कडाडला.

"मी सिद्ध करून दाखवते," पाना फणकारली. "वस्तादांनीच शिकवलंय मला. ओरखडा जिथे संपतो, तिथे धातूचा कचरा साठतो. गाडी पुढे जाताना दगड लागला, तर ओरखडा पुढून मागे जातो आणि कचरा साठतो मागच्या टोकाला."

भोपूने बेसिनवरची साबणाची वडी आणली. पानाने तिच्यावर नख ओढलं. खरंच, नख थांबलं तिथे साबणाचा छोटा ढीग झाला. मग लिफ्टखाली जाऊन तिने गार्डवरून बोट फिरवलं. मागच्या टोकाला काहीच नाही! बोट पुढे नेलं, आणि पुढच्या टोकाला धातूची खरखरीत कड तिला टोचली.

"म्हणजे?" भोपूने विचारलं, त्याच्या मानाने कुजबुजत.

"म्हणजे ओरखडे पडले तेव्हा गाडी मागे येत होती," पाना सावकाश म्हणाली.

"आई वस्तीवरच्या मैदानात गाडी वळवते. मागे घ्यावीच लागत नाही!" वकिलाने लगेच वहीचं पान फाडलं, ओरखड्यांवर ठेवलं आणि पेन्सिल आडवी घासली. दोन्ही ओरखडे जसेच्या तसे कागदावर उमटले.

तिघांनी वर्कशॉप पालथं घातलं. गाड्या धुतात त्या उतरत्या सिमेंटच्या रॅम्पपाशी भोपू ओरडला, "इकडे या!" रॅम्पच्या कडेचा टवका ताजा उडाला होता. आतल्या दोन लोखंडी सळया वर आल्या होत्या, आणि त्यांची टोकं घासून चकाकत होती. वकिलाने कागद धरला. दोन सळया, दोन ओरखडे, मधलं अंतर तंतोतंत!

"धुऊन झाल्यावर कुणीतरी गाडी मागे घेतली, पुढचं चाक रॅम्पवरून घसरलं, आणि गाडीचं पोट या कडेवर आपटलं," पाना म्हणाली. "नक्की गाड्या धुवायला नेणाऱ्या त्या नव्या ड्रायव्हरचं काम! वस्तादांना कळलं की त्याची धडगत नाही. मी सांगून येते!"

"थांब, आधी आईला—" वकील म्हणेपर्यंत ती पळालीसुद्धा.

वस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ओरखड्यांचं, सळयांचं. मग पानाच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहेस. पण चार वाजेपर्यंत कुणाला बोलू नकोस. मी बघतो. जा, सरबत घ्या तिघं."

ती फुशारकीने परतली. तिघं समोरच्या दुकानात सरबत पीत बसले. वकिलाला ते कडू लागलं म्हणे.

अर्ध्या तासाने ते परत आले, तर आतून कर्कश आवाज येत होता. घर्रर्र! लिफ्टखाली ठिणग्या उडत होत्या. चष्मा लावून, हातात ग्राइंडर घेऊन, वस्ताद स्वतः गार्ड घासत होते. ओरखड्यांच्या जागी आता गुळगुळीत लोखंड चमकत होतं.

पाना दारातच थबकली. नव्या ड्रायव्हरचा काही संबंधच नव्हता. गाडी आपटली होती ती याच हातांनी, आणि पुरावा कुठे आहे हे तिनेच धावत जाऊन त्यांना सांगितलं होतं! तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप आला.

"कुंपणानेच शेत खाल्लं," वकील पुटपुटला. मग त्याने खिशावर हात ठेवला. "कागदाचं त्यांना सांगितलंस?"

"नाही," पाना म्हणाली. "विसरले."

"देव पावला!"

चार वाजता साहेब आले. शोरूमच्या व्यवस्थापकबाई आल्या. आत्या आपला खुलासा घेऊन उभी राहिली.

"ओरखडे कुठे आहेत?" साहेबांनी वर बघत विचारलं.

"गंज होता साहेब, साफ केला," वस्ताद म्हणाले. "गार्ड काय, बदलायचाच आहे."

पाना पुढे झाली. "बदलायचाच आहे, मग घासला कशाला? भंगारात टाकायचं लोखंड कुणी चकचकीत करतं का?"

तिने कागद साहेबांच्या हातात दिला आणि सगळ्यांना रॅम्पपाशी नेलं. तिथे टवक्याच्या जागी सिमेंट थापलेलं होतं!

"ओलं आहे!" भोपू गरजला आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला. शर्टाचं वाटोळं झालं, पण सळया बाहेर आल्या. साहेबांनी कागद धरून पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला, आणि तो व्यवस्थापकबाईंकडे दिला.

"वस्ताद?" बाई म्हणाल्या.

वस्तादांनी चष्मा काढला. "काल गाडी मागे घेताना फोन आला होता. लक्ष नव्हतं माझं. गार्ड चेपला, पण चेंबरला चीर गेली असेल असं वाटलं नाही. तीस वर्षांत एक गाडी आपटली नाही मी. सकाळी ही पोरं समोर उभी होती. त्यांच्यासमोर कसं सांगणार होतो?"

"आणि आत्याला खोटं पाडणं सोपं होतं?" पाना म्हणाली. "माझ्या डोक्यावर हात ठेवलात तुम्ही!"

व्यवस्थापकबाईंनी तिथेच आत्याची माफी मागितली, नवं चेंबर आणि नवा गार्ड स्वतः उभं राहून बसवून घेते म्हणाल्या, आणि वस्तादांना आत केबिनमध्ये बोलावलं. साहेबांनी तो कागद नीट घडी करून फाइलमध्ये ठेवला.

"डॉक्टर, गाडी तुमच्याकडेच राहील," ते म्हणाले. "आणि तुम्ही तिघं! आमच्या खात्यात तुमच्यासारखे तपासनीस असते, तर माझी निम्मी डोकेदुखी वाचली असती. शाबास!"

भोपूने सिमेंटच्या हातांनीच सलाम ठोकला. वकिलाची मान ताठ झाली. पाना मात्र बाजूला उभी होती. केबिनच्या काचेतून वस्तादांची पाठ दिसत होती, आणि तिकडे बघवतही नव्हतं, नजर हटतही नव्हती.

आत्या तिच्याजवळ आली.

"आत्या, तुझ्यावर विश्वास ठेवायला मला पुरावा लागला," पाना म्हणाली. "त्यांच्यावर मी नुसताच ठेवला."

'जाऊ दे गं, काही नाही' असं आत्या म्हणाली नाही. "हो. फार वाईट वाटलं मला," ती म्हणाली. "अजून वाटतंय. उद्या थोडं कमी वाटेल."

पानाने मान हलवली. मग आत्याचा हात घट्ट धरला, आणि आत्याने तो सोडवून घेतला नाही.