जमनीचा गडवा

मी आर्णीला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे विषाबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे.

आमचं गाव आर्णीच्या पुढं, अरुणावतीच्या काठाला. तिथं दर माघात गढीच्या राणीचं नाटक होतं. गढी म्हणजे आता नुसता मातीचा उंचवटा, त्यावर बाभळी. गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. राणी बाळंत होते, जमनी दाई पितळी गडव्यानं तिला पाणी पाजते, पाण्यात विष असतं, राणी मरते. प्रेक्षक जमनीला शिव्या देत, डोळे पुसत घरी जातात.

तो गडवा खरा आहे. जमनीच्या वंशातल्या तानाबाईच्या घरून तो नाटकापुरता मागून आणतात. तिच्या घरचं पाणी मात्र गावात कोणी पीत नाही. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते. एकदा मला म्हणाली होती, "पाव्हणे येतात अन् कोरडेच जातात. मरायच्या आधी कोणी घोटभर पाणी मागावं, एवढंच वाटते बाप्पा."

ती वर्षं कपाशीची वाईट वर्षं होती. बोंडअळी हटत नव्हती, घराघरात फवारणीचे डबे होते, आणि विष हा शब्द निघाला की माणसं एकदम गप्प होत. नाटकात तो शब्द मात्र तानाबाईच्या घराण्याच्या नावानं बिनदिक्कत ओरडला जायचा. मला ते सहन होईना. त्या साली मी नाटक बसवायला घेतलं आणि राणीही मीच झाले.

संहितेत नवं काही शोधावं लागलं नाही. राणीला ताप चढलाय, वैद्य म्हणतो पाणी देऊ नका, राणी गाण्यात नुसतं पाणी मागते. हे सगळं पिढ्यान् पिढ्या लोक ऐकत आले होते. मी फक्त विष काढलं: जमनी चोरून पाजते ते साधं पाणीच, आणि राणी मरते ती तापानं नि तहानेनं. ओल्या बाळंतिणीला पाणी तोडायचं, ही रीत आमच्या आजीपर्यंत चालली. माझ्या वेळी आईलाही असाच ताप आला आणि आजीनं पाणी तोडलं. आई सांगते, भल्या सकाळी एक बाई आली. उजव्या हातानं मान उचलली, डाव्या हातात पितळी गडवा होता. आई वाचली, मी वाचले. पितळी गडवा म्हणजे तानाबाईच, असं आईनं धरलं, आणि सासूच्या धाकानं कधी कोणाला सांगितलं नाही.

वैद्याचं काम करणारे पंजाबराव काका तालमीत अडून बसले. "विजू, तू इतिहास बदलून राह्यली."

"इतिहास कोणी पाह्यला काका? आपण नाटक पाह्यलं."

त्यांनी पुढचं वाक्य म्हणायला घेतलं. पटलं म्हणून नव्हे, माझ्या तोंडी लागायला नको म्हणून.

लोडशेडिंगमुळे नाटक दुपारी ठेवलं होतं. मंडपात लख्ख उजेड होता. शेवटच्या प्रवेशात मी बाजेवर डोळे मिटून पडले. जमनीचं काम दीपा करत होती, आमच्या शेजारची मुलगी. गडवा हातात जड दिसावा म्हणून तिनं त्यात सरकी भरून वर फडक्याचा बोळा गच्च बसवला होता. तिनं तो नुसता ओठांजवळ धरायचा, एवढंच ठरलं होतं.

पैंजण जवळ आले.

मानेखाली हात गेला. तालमीत हे नव्हतं.

गडवा ओठांना लागला आणि पाणी आलं. गार, मातीच्या वासाचं. मी प्याले. खूप प्याले. हनुवटीवरून गळ्यात ओघळ आला. मला हाक मारायची होती, पण पाणी थांबत नव्हतं आणि मलाही थांबवत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा दीपा चार हात लांब उभी होती, गडवा उजव्या हातात धरून.

पडदा पडल्यावर ती म्हणाली, "मॅडम, सॉरी. मी जवळ येऊच शकली नाही. पायच उचलेना."

माझा पदर चिंब होता. पहिल्या रांगेतून आई आत आली. तिनं पदराला हात लावला आणि हळूच म्हणाली, "तुही मान आपोआप वर येताना पाह्यली मी. त्या सकाळी तिनं माही मान अशीच उचलली होती."

मी कपडे बदलले नाहीत. गडवा घेतला आणि दोघींना घेऊन तानाबाईच्या घरी गेले. ती नाटकाला कधीच येत नाही. ओट्यावर बसली होती.

"तानाबाई, पाणी द्या."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं बोळा उपसून गडवा सुपात उपडा केला. सरकी पडली, कोरडी ठणठणीत. गडवा विसळून तिनं माठातलं पाणी आणलं. मी प्याले, मग आई प्याली. आईनं तिचे दोन्ही हात धरले.

"विजूच्या वेळी तुम्ही पाजलं म्हणून आम्ही आहोत. मी कधी बोलली नाही. माफ करा."

तानाबाई गोंधळली. "मी? तवा मी झरी जामणीले भावाकडं गेलती. महिनाभर घराले कुलूप होतं माय."

तेवढ्यात पंजाबराव काका अंगणात आले. आमच्या मागं गाव येत होतं, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. काकांनी टोपी काढली. "मलेही द्या घोटभर," ते म्हणाले.

मग अंगण भरलं. गडवा हातोहात फिरू लागला, रिकामा झाला की आतल्या खोलीच्या दारातून आत जायचा, भरून बाहेर यायचा. तानाबाई माझा हात धरून रडत होती. मलाही रडू येत होतं. इतकं भरून आलं होतं की कोणाकोणाचे उपकार मानू, कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं. दीपा अंगणात होती. आई समोर होती. तानाबाई माझ्याशेजारी. आतल्या खोलीत तर कोणीच गेलं नव्हतं, मग गडवा भरत कोण होतं?

मला भीती वाटायला हवी होती. मी दाराकडं तोंड करून हात जोडले.

गडवा पुन्हा भरून बाहेर आला. तो धरणारा हात डावा होता.