शिल्लक अंगठा

सारिका मेदगे डाव्या हाताने पोहे खात होती. समोर बसलेला तिचा नवरा नवनाथ तिच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होता. गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे माणूस असाच बघतो.

"लिंबू मी पिळतो," नवनाथ म्हणाला.

"पिळा."

त्याने पिळलं. एक बी पोह्यांत पडली. ती उचलायला सारिकाने उजवा हात पुढे केला, तशी नवनाथने बशीच मागे ओढली.

"बी उचलायला दोन दाब जातात. मागच्या आठवड्यात शेजारी गेले होते."

"मग गिळू का बी?"

"गिळ. पोटात काय झाड उगवत नाही."

सारिकाने बी गिळली. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी राखाडी रंगाची एक पातळ कडी होती. कडीवर बारीक आकडा होता : तेवीस हजार एकशे दहा. बी गिळल्यामुळे तो तेवढाच राहिला. नवनाथने बशी परत पुढे सरकवली.

कराडच्या बुरुड गल्लीत चार महिन्यांपासून लोक असेच जेवत होते. बाटलीचं झाकण दुसऱ्याने उघडायचं. टूथपेस्ट दुसऱ्याने दाबायची. फोन अंगठ्याने उघडला तर एक दाब जायचा, म्हणून सारिकाने फोनला नाकाचा ठसा दिला होता. फोनने तो तिसऱ्या प्रयत्नात मान्य केला होता. बोटं मोडणं तर पूर्ण बंद होतं. त्यामुळे गल्लीतली भांडणं निम्म्यावर आली होती आणि बारशाला कुणी बाळाची दृष्ट काढेना झालं होतं.

हे सगळं सुरू झालं ते खर्च समजून घेण्याच्या हौसेतून.

गल्लीतली बावीस घरं बांबूची सुपं, टोपल्या, दुरड्या करत आणि 'करामत' नावाच्या ऑनलाइन बाजारात विकत. सारिकाचं सूप तिथे नऊशेला जायचं. त्यातून करामतची दलाली, फोटोचं भाडं, खोका, कुरिअर, सूप यादीत वर दिसावं म्हणून द्यायचे पैसे आणि या सगळ्यावरचा कर वजा होऊन दोनशेदहा रुपये हातात पडायचे. त्यात एखादं सूप 'अपेक्षेपेक्षा जास्त बांबूसारखं दिसतं' असं कारण देऊन परत यायचं. मग जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च तिचेच. बायकांनी तक्रार केली की आम्हाला एका सुपामागे नेमकं काय सुटतं तेच कळत नाही.

तेव्हा करामतचा जिल्हा समन्वयक अथांग देशमाने गल्लीत आला होता. चोवीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज साखरेत घोळलेला. तो म्हणाला, "मॅम, तुम्ही बांबू मोजता, खोका मोजता. स्वतःला मोजत नाही. खरा खर्च तिथंय."

आणि त्याने झीजकडी काढली.

अंगठ्याच्या सांध्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची मऊ गादी असते. दर दाबाला ती किंचित झिजते आणि झिजताना आवाज करते. माणसाला तो आवाज ऐकू येत नाही, कडीला येतो. आठवडाभर तो ऐकून कडी सांगायची की या अंगठ्यात आता असे किती घट्ट दाब शिल्लक आहेत. सारिकाची कडी अडतीस हजार चारशेवर थांबली. एका सुपाला सहाशेचाळीस दाब लागत. म्हणजे साठ सुपं.

"आणि साठानंतर?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"मॅम, आपण साठावर लक्ष देऊ," अथांग म्हणाला होता.

करामतने तो आकडा सुपाच्या फोटोखाली लावला : 'या हातातून आता फक्त साठ.' साठच्या साठ सुपं अकरा मिनिटांत विकली गेली, एकेक अठरा हजाराला. ज्यांनी जन्मात तांदूळ पाखडला नव्हता त्यांनी भिंतीवर टांगायला घेतली. सगळी रक्कम आगाऊ आली. नवनाथने कामाच्या जागेवर पक्कं छप्पर घातलं आणि पहिल्यांदाच बांबू पावसाळ्यात कोरडा राहिला. करारात मुख्य अट एकच होती. शिल्लक प्रत्येक दाब कुठल्या ना कुठल्या ऑर्डरचा आहे, तो दुसरीकडे वापरायचा नाही. एक जरी ऑर्डर चुकली तर हात यादीतून कायमचा काढला जाईल आणि सगळे पैसे परत द्यावे लागतील.

गिऱ्हाइकांना कडीचा आकडा घरबसल्या दिसायचा. चव्वेचाळीस नंबरचं सूप घेतलेल्या बाईंनी पुण्याहून निरोप पाठवला की कणीक मळू नका, आणि सोबत न मळता होणाऱ्या धिरड्यांची कृती. एकतीस नंबरने हिवाळ्यात घालायला अंगठ्यापुरता स्वेटर पाठवला. शेजारच्या सुरेखाबाईंनी तर दोनशे दाब शिल्लक असताना भीतीने कामच थांबवलं होतं. त्या दिवसभर अंगठ्याला कापूस गुंडाळून ओट्यावर बसायच्या आणि नमस्कार कोपराने करायच्या.

पोहे संपले तेवढ्यात सारिकाची मुलगी ओवी आत आली. ती बावीस वर्षांची होती आणि एमआयडीसीत ड्रोन दुरुस्त करायची. तिच्या हातात एक सूप होतं. तिने ते जमिनीवर ठेवलं. सूप हळूच उघडलं आणि ताटासारखं सपाट पडलं.

"अकरावं," ओवी म्हणाली.

"वीण चांगलीय की," नवनाथ म्हणाला.

"वीण व्हिडिओ बघून येते, पप्पा. काठ येत नाही. एकतीस व्हिडिओ बघितले. काठाची शेवटची गाठ किती ओढायची ते दिसतच नाही."

"दिसत नसतंच ते," सारिका म्हणाली. "आत्यानं मला शिकवलं तेव्हा माझा अंगठा खाली ठेवायला लावला, वर तिचा ठेवला आणि मधून बांबूची कामटी ओढली. शेवटची गाठ एकटीनं मारायचीच नाही, गल्लीची रीतच होती. खालच्या अंगठ्याला कळतं, आता पुरे."

"मग आता का मारतेस एकटीनं?"

"दुसरा अंगठा लागला की कडीला त्याची नाडी लागते. सूप 'एकहाती' राहत नाही. निम्मे पैसे परत द्यायचे." तिने खिडकीत लटकणारा कपड्यांचा चिमटा दाखवला. "आता ह्यो दाबून धरतो."

ओवीने चिमट्याकडे पाहिलं. चिमटा काही बोलला नाही. सारिकाला चार महिन्यांत तो एकदाही 'पुरे' म्हणाला नव्हता.

"मम्मे, गल्लीत काठ येणाऱ्या सगळ्यांचे अंगठे विकलेत. मी विचारून आले. तू शिकवलं नाहीस तर कुणीच शिकवू शकत नाही. साठ सुपं झाली की काठ संपला."

"मला माहितीय."

"मग?"

 सारिकाच्या डोक्यात पहाटेपासून वेगळाच आकडा फिरत होता. तेवीस सुपं विणून झाली होती, सदतीस बाकी होती. सदतिसांना तेवीस हजार सहाशेऐंशी दाब हवेत. कडीवर होते तेवीस हजार एकशे दहा. पाचशेसत्तर कमी. ते कुठे गेले, तिला माहीत नव्हतं. धिरडी सुद्धा नवनाथच करत होता.

तिने नाकाने फोन उघडला आणि अथांगला लावला.

"मॅम, मी बघितलंय," अथांग म्हणाला. "ते झोपेतले आहेत. पहाटे तुमचा अंगठा काम करतो. आम्ही त्याला अनधिकृत उत्पादन म्हणतो. बऱ्याच ठिकाणी होतंय."

"मी झोपेत सुपं करते?"

"हवेत, मॅम. आम्ही रात्रीचा मोजा देतो, महिना सहाशे भाड्यानं. त्यात अंगठा हलत नाही. पण गेले ते गेले."

"म्हणजे साठावं सूप होत नाही."

"त्याचीही काळजी नको. साठ नंबरचे गिऱ्हाईक डॅलसला असतात. त्यांना मी कळवलं. ते म्हणाले, जेवढं होईल तेवढंच पाठवा. उरलेल्या सत्तर दाबांचं सूप. अपुऱ्या वस्तूंना वेगळी मागणी आहे. फक्त ते सत्तर त्यांच्याच सुपावर हवेत."

"सत्तर दाबांत चार कामट्या पण गुंतत नाहीत हो."

"त्यांना चालेल, मॅम."

ओवीने फोन आपल्याकडे वळवला. "अथांगदादा, आईला मला काठ शिकवायचाय. त्याचं काय करायचं?"

 पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला.

"शिकवणं आपल्या यादीत वस्तू म्हणून नाहीये. पण तुम्ही गिऱ्हाईक म्हणून नोंद करू शकता. मी करून देतो." पुन्हा कळा. "झालं. तुमचा प्रतीक्षा क्रमांक दोनशे बारा."

"माल शिल्लक किती आहे?"

"शून्य."

"आकडा संपल्यावर अंगठ्याचं काय होतं?" सारिकाने मध्येच विचारलं. "दुखतो, वाकडा होतो, काय?"

"खरं सांगू का, मॅम?" अथांगचा आवाज पहिल्यांदाच साखरेतून बाहेर आला. "आम्हाला माहीत नाही. अजून कुणी शून्यापर्यंत गेलेलंच नाही. सगळे आधीच थांबतात. माझी आई पुस्तकं बांधते. ती पण थांबलीय."

त्याने फोन ठेवला.

ओवीने कडीची नोंद आपल्या फोनवर उघडली. ड्रोनच्या पंख्याची थरथर ती रोज अशाच आलेखावर बघायची. पहाटेची रांग तिने बोटाने पुढे सरकवली, मागे नेली, परत पुढे नेली.

"मम्मे, सुपाच्या काठाला किती दाब लागतात? नुसत्या काठाला?"

"सत्तर. का?"

"तू झोपेत एकच सूप करतेयस. रोज थोडं थोडं. पाचशेसत्तर दाब. अख्खं विणलंयस आणि काठापाशी थांबलीयस. आठवडा झाला, पहाटे अंगठा वर उचलतेस आणि तसाच धरून ठेवतेस. दाबत नाहीस."

नवनाथ म्हणाला, "मी बघितलंय ते. मला वाटायचं, पाणी मागतेय."

"मग?"

"मग पाणी ठेवायचो."

सारिका आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. सूप विणून झालं की हात उचलायचा आणि समोरच्याचा अंगठा खाली यायची वाट बघायची, हे तिला आत्याने शिकवलं होतं. चार महिने तिने चिमट्यावर भागवलं होतं. अंगठ्याने बहुतेक ते मानलं नव्हतं.

तिने वर पाहिलं. नवीन छप्पर. त्याखाली रचलेला कोरडा बांबू. भिंतीला टेकवलेलं, आज पाठवायचं तेविसावं सूप. सत्तर दाब डॅलसला पाठवले की हे सगळं राहणार होतं आणि काठ जाणार होता. सत्तर दाब इथे वापरले की काय राहील ते तिला सांगता येत नव्हतं. एका काठात पोरीला येईल का, तेही नाही. तिला स्वतःला तीन लागले होते, आणि आत्या म्हणायची की त्यातले दोन आळशीपणामुळे.

"ते सपाट पडलेलं इकडं आण," ती म्हणाली.

"कुठलं?"

"अकरावं."

नवनाथ उठला. त्याने दार लोटलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उघडलं. तेविसावं सूप उचलून त्याने मागच्या खोलीत नेऊन ठेवलं, त्याच्यादेखत नको म्हणून. जाताना खिडकीतला चिमटाही घेऊन गेला.

ओवी समोर मांडी घालून बसली. सारिकाने सुपाच्या तिन्ही बाजू वर घेतल्या, कामटी फिरवली, काठ धरला. पहिले दाब गेले. कडीवरचा आकडा उतरू लागला, आणि पुण्यात, डॅलसमध्ये आणि आणखी कुठेकुठे कुणाकुणाच्या फोनवरही तो उतरत असणार. सारिकाचा फोन जमिनीवर थरथरायला लागला. चव्वेचाळीस नंबर. मग एकतीस. मग अथांग. मग परत अथांग.

"उचलू का?" ओवीने विचारलं.

"नाकानं उचलावा लागतो. राहू दे."

काठ तिसऱ्या बाजूला आला. ओवीच्या कपाळावर घाम होता. सारिका अधूनमधून थांबून तिला कामटीवर बोट फिरवायला लावत होती, आणि थांबलेल्या दाबाचे पैसे पडत नसल्यामुळे ती जरा जास्तच थांबत होती. शेवटच्या गाठीपाशी सत्तरांतले चार दाब उरले.

"अंगठा ठेव. खाली. सरळ ठेव, काय फोटो काढायचा नाहीये."

ओवीने अंगठा ठेवला. सारिकाने आपला त्यावर टेकवला. दोन्हींच्या मध्ये कामटी होती, ओली आणि गार.

कडी थरथरली. त्यातून बाईचा बारीक, सभ्य आवाज आला : "दुसरी नाडी आढळली आहे. हे दाब कोणत्या ऑर्डरमध्ये धरायचे? चोवीस ते साठपैकी क्रमांक सांगा."

नवनाथ मागच्या दारात उभा होता. त्याच्या हातात चिमटा होता आणि तो नकळत उघडझाप करत होता.

"मम्मे, साठ सांग," ओवी हळू म्हणाली. "निदान हे सूप डॅलसवाल्याला पाठवता येईल. हात तरी यादीत राहील."

"आणि मग हे कुणाचं?"

"त्याचं."

सारिकाने अंगठ्याखालचा अंगठा चाचपला. तो जागचा हलत नव्हता. एवढं तर व्हिडिओत शिकवत नाहीत.

"एकसष्ट," ती कडीला म्हणाली.



"एकसष्ट क्रमांकाची ऑर्डर नोंदलेली नाही," कडी म्हणाली. "तरी मोजू का?"