तिसरा गिअर, चाळीस

मेलेल्या माणसाची अब्रू परत मिळवून द्या, असं सांगत गुप्तहेर अनंतरावांच्या परभणीच्या खोलीत आजवर कुणी आलं नव्हतं. त्यांचे मदतनीस दत्तराव चहाचा कप हातात धरून तसेच बसून राहिले.

समोर पंचफुलाबाई होत्या. वालूरच्या शाळेत मास्तरीण. नवरा लिंबाजी ट्रक ड्रायव्हर, आठ दिवसांपूर्वी जिंतूरच्या घाटात ट्रक कोसळून गेलेला. सन त्र्याहत्तरचा मे महिना होता, आणि ट्रकमध्ये दुष्काळी मदतीच्या मिलोची, म्हणजे अमेरिकेतल्या लाल ज्वारीची, पोती होती.

"डिझेल वाचवायला ह्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, असा पंचनामा झालाय," बाई म्हणाल्या. "खाली आमच्याच गावची सरजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तीही गेली. गाव ह्यांना खुनी म्हणतंय. ते तसे नव्हते, एवढं सिद्ध करा."

त्यांनी रुमालातून पत्र्याचा तुकडा काढला. "पोलिसांनी सामानाबरोबर हा दिला. ट्रकमध्ये वेगाच्या मीटरखाली लावलेला होता. घाटाची पहिलीच खेप म्हणून मी ड्रायव्हरांच्या नव्या पुस्तिकेतले कोणत्या गिअरात किती वेग ते आकडे रंगवून दिले होते. याच्यापुढं काटा न्यायचा नाही, म्हणून बजावलंही होतं."

पत्र्यावर सुरेख अक्षर होतं: दुसरा २५, तिसरा ४०.

अनंतरावांनी पत्रा दोनदा वाचला आणि टोपी घातली.

ट्रकचा सांगाडा जिंतूरच्या ठाण्याबाहेर पडला होता. एक जाड दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आलेला. अनंतरावांनी मीटरवरची धूळ पुसली. शेवटचा आकडा होता साठ.

"मरतुकडीच गाडी," दत्तराव म्हणाले. "साठाच्या वर जातच नाही."

ट्रकचे मालक व्यंकटराव तिथंच उभे होते. "जुनी असली तरी अस्सल विलायती गाडी आहे. मीटरसुद्धा मूळचं. ब्रेक मागच्याच महिन्यात नवे टाकले. त्यानं न्यूट्रलच मारला असंल."

क्लीनर सिताराम हा पन्नाशीचा माणूस, हात मोडून दवाखान्यात पडला होता. "गाडी तिसऱ्यात व्हती, साहेब. काटा चाळीसवर, केसभर पुढं न्हाई. इंजिन लय वरडायलं व्हतं. म्या म्हणलं, हळू घे. तर म्हणला, बाईनं चाळीस लिवलंय."

मागून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर सूर्यभान मात्र मान हलवत होता. "चाळीस कशाचं? वरच्या सरळ उतारावर माझा काटा साठावर, आन् ट्रक माझ्या पुढंच सरकायलाय."

"दोघांतला एक साफ खोटं बोलतोय," परतताना दत्तराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला सिताराम सोडून सगळे परभणीच्या खोलीत जमले, जिंतूरचे फौजदारही आले.

"बाई, तुम्ही बाहेर बसता का?" अनंतरावांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी सुस्कारा सोडला. "न्यूट्रलमध्ये चाकांचा इंजिनाशी संबंध राहत नाही. ते संथ चालत राहतं, फुटत नाही. हे फुटलं, म्हणजे गाडी गिअरात होती. सपाटीवर इंजिन फार पळू लागलं, तर गव्हर्नर नावाचा भाग आपोआप डिझेल तोडतो. उतारावर भरल्या गाडीची चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथं गव्हर्नरचं काही चालत नाही. वेग ड्रायव्हरनंच आवरायचा. नाही आवरला, तर दांडा तुटतो, इंजिनाचा अटकाव जातो आणि एकटे ब्रेक तापून सुटतात."

"म्हणजे त्यानं पळवलीच की," फौजदार म्हणाले.

"चाळीसवरच ठेवली होती. सिताराम खरं बोलतो आणि सूर्यभानही. ते विलायती मीटर मैलांचं आहे. सूर्यभानच्या एसटीचं किलोमीटरचं. चाळीस मैल म्हणजे चौसष्ट किलोमीटर. सपाटीवर गव्हर्नर तिसऱ्यात तेवढं जाऊच देत नाही, म्हणून चूक कधी कळली नाही."

"पण पत्र्यावर तर चाळीसच..." दत्तराव बोलून गेले. पुढच्या क्षणी त्यांना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.



"पुस्तिका किलोमीटरची होती," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या. "मैलाचे किलोमीटर मी मुलांना शिकवते. मीटर कसलं आहे, हे विचारलंच नाही मी."

अनंतराव फौजदारांकडे वळले. "मीटर जुनं होतं, ड्रायव्हर निर्दोष, एवढंच लिहा."

"नका," बाई म्हणाल्या. "मग चाळीसवर का नेली, म्हणून लोक ह्यांनाच विचारतील. आकडा मी दिला, तेही लिहा."

फौजदारांनी लिहिलं. बाईंनी सही केली.

दत्तराव त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. त्यांनी विचारलं, "घरी कुणी आहे ना?"

"घरी मागनं जाईन," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आधी सरजाबाईच्या घरी जाते. तिच्या नवऱ्याला दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मीच सांगते."