मागच्या सीटचा पट्टा

दिवा राहू दे चालू, शिव. नंतर तूच म्हणशील, प्रल्हादकाका, लावा. आणि भूत भूत काय करता रे? मी आपल्या यशोधनची गोष्ट सांगतोय. इथलाच, अमेरिकेतल्या आपल्या श्रूजबरीचा, माझ्या मुलाच्या ऑफिसातला. खोटं वाटलं तर उद्या विचारा त्याला, फक्त त्याच्यासमोर ब्रिटनचं नाव काढू नका.

गेल्या वर्षीची जूनमधली अमावास्या, बुधवार. रात्रीचे पावणेबारा. यशोधन निघाला होता कढीपत्त्याला पाणी घालायला. हसू नका! इथल्या थंडीत कढीपत्ता जगवणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. त्याचा जिवलग मित्र देवांग, बायको रीमा आणि सात वर्षांच्या अदितीला घेऊन ब्रिटनला गेला होता, गाडीने सगळा देश फिरायला. झाड यशोधनच्या भरवशावर. घराची किल्लीही त्याच्याकडेच, ओळखू यावी म्हणून आश्लेषाने, म्हणजे त्याच्या बायकोने, लाल दोरा बांधलेली. त्या आठवड्यात उकाडा असा, की झाडाने मान टाकली असणार. तरी हा पठ्ठ्या दिवसभर गेला नाही. मुद्दाम.

का? अहो, पोटात दुखत होतं! ती ट्रिप मुळात यशोधनची. दोन वर्षं खपून त्याने रस्ता आखलेला, मुक्काम कुठे, चहा कुठे, डबा कुठल्या तळ्याकाठी उघडायचा, सगळं. आणि वकील म्हणाला, "देशाबाहेर पडलात तर परत यायला व्हिसाचा शिक्का कधी मिळेल, सांगता येत नाही. नोकरी जाईल." सगळं कॅन्सल केलं बिचाऱ्याने. देवांगला मात्र ग्रीन कार्ड मिळालेलं. तो सहज म्हणाला, "यार, तुझा प्लॅन वाया कशाला घालवायचा? आम्ही जातो." हा काय बोलणार? "जा जा, मजा करा," म्हणाला. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो दुसऱ्याच्या पानात वाढायचाही यानेच!

मग रीमा रोज ग्रुपवर टाकायची, "आजचे हायलाइट्स!" स्टोनहेंजसमोर उड्या मारणारी अदिती. बाथच्या गल्लीत क्रीम फासलेला स्कोन खाणारा देवांग. लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्याकाठी तिघं, याने हेरून ठेवलेल्या बाकावर! यशोधन झूम करकरून बघायचा आणि खाली लिहायचा, "मस्त!" आश्लेषा म्हणायची, "किती जळशील रे? करपल्याचा वास येतोय घरात."

तर दार उघडून तो आत गेला. झाडाला पाणी घातलं. निघताना हॉलमधल्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे एक फोटोफ्रेम आहे, स्क्रीनवाली. रीमाने तिकडे फोटो काढला, की इथे उमटतो. त्या वेळी उमटला होता ग्लेनकोचा. दोन्हीकडे हिरवेगार डोंगर, मधून एकच रस्ता. यशोधनचा जीव अडकला होता तो या एका रस्त्यावर.

त्याला रडूच फुटलं. किल्ली मुठीत आवळून तो मोठ्याने म्हणाला, "त्या गाडीत मी असायला हवा होतो. मी!"

घरात भलतंसलतं बोलू नये म्हणतात, ते उगाच नाही. वास्तू तथास्तु म्हणते. देवांगच्या ओट्यावर ते बोलणारं यंत्र होतं, गाणी लावणारं. कुणी हाक मारली नव्हती. तरी त्याच्यावर निळा दिवा पेटला.

"ओके," ते म्हणालं.

यशोधन दचकला. मग स्वतःशीच हसला. तेवढ्यात फ्रेमवर नवा फोटो आला. गाडीतली सेल्फी. पुढे रीमा, चाकावर देवांग, मागे अदिती. तिच्या शेजारची सीट… रिकामी नव्हती.

एक बाही दिसत होती. निळ्या चौकड्यांची.

यशोधनने खाली पाहिलं. अंगात तोच शर्ट.

पुढचा फोटो. आता चेहरा होता. त्याचाच. हसत नव्हता.

पुढचा. हात देवांगच्या खांद्यावरून पुढे आलेला. स्टिअरिंगकडे.

त्याने फोन लावला. वाजला… वाजला… कुणी उचलेना. तिकडे पहाट होती, सकाळची बोट गाठायला ते निघालेले. वळणाचा रस्ता. बाजूला दरी.

पुढचा. बोटं चाकावर.

आणि खरं सांगू? एक क्षण… एकच क्षण… त्याला बरं वाटलं.

मग अदिती दिसली. ती त्या माणसाकडे बघून हसत होती. ओळखीच्या काकाकडे बघावं, तशी.

"नको… नको रे…" धावत जाऊन त्याने रीमाच्या डब्यांतलं मीठ आणि मोहरी घेतली. फ्रेमवरून उतरवली. ज्याची दृष्ट, तोच काढत होता. "तुझी ट्रिप तुला लखलाभ, देवांग. मनापासून म्हणतोय. उतरलो मी. उतरलो!"

काही नाही.

काहीच नाही…

"ओके."

फ्रेमवर डोंगर. रस्ता. आणि मागची सीट रिकामी.

घरी जायला निघाला, तर किल्ली सापडेना. खिशात नाही, ओट्यावर नाही, कुंडीपाशी नाही. बाहेरून कुलूप कसं लावणार? शेवटी दार आतून लावून गॅरेजमधून बाहेर पडला.

सकाळी देवांगचा फोन. "यार, भाड्याची गाडी भंगार निघाली. सारखी दरीकडे ओढत होती. वर मागच्या सीटवर कुणी नाही, तरी पट्टा लावा म्हणून टीं टीं टीं! मग दोन्ही एकदम थांबलं. वाचलो बघ." यशोधन एवढंच म्हणाला, "सांभाळून या रे." आणि या वेळी ते मनापासून होतं.

ते परत आले, त्या रविवारी याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. दारातूनच अदिती पळत आली, मूठ मिटलेली.

"यशोधनकाका, यू लेफ्ट धिस इन अवर कार."

तिने मूठ उघडली. आत देवांगच्या घराची किल्ली होती, लाल दोऱ्यासकट.