बाईचा भार

मी आईला बाई म्हणते. चिपळूणला आम्ही सगळी भावंडं तसंच म्हणायचो. त्यात कधी कुणाला वावगं वाटलं नाही.

दुबईत, जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात आम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी बोट-लिफ्टची चालती प्रतिकृती उभारली आहे. खालच्या कालव्यातली बोट वरच्या कालव्यात न्यायची. पाण्याच्या दोन टाक्या, एक वर, एक खाली. वरच्या टाकीत थोडं पाणी जास्त घेतलं की ती उतरते, दुसरी चढते. टाकीत शिरताना बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर ढकलते. त्यामुळे बोट भरलेली असो की रिकामी, टाकीला पत्ता लागत नाही. बोटीला मात्र लागतो, माणूस बसला की ती दबते. या हिशेबाचा मला भारी अभिमान.

शनिवारी बाईला ते दाखवायला नेलं. तिच्या पायात रबरी चपला, हातात डब्याची पिशवी. तेवढ्यात क्लायंटकडचे हम्माद अवचित आले.

"बाई, तू जरा इकडे उभी राहा," मी म्हणाले.

हम्मादना हिंदी चांगली येते. "आपकी बाई है?"

खरं सांगते, मला त्या चपलांची लाज वाटली. मी म्हणाले, "हां."

"तो उसी को बिठाओ, टेस्ट हो जाएगा. यल्ला, चलो!"

बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गुमान बोटीत जाऊन बसली.

बोट जरासुद्धा दबली नाही. बोटीच्या अंगावरची पांढरी रेघ पाण्याच्या वरच राहिली, रिकाम्या बोटीची राहते तशी. हम्माद मोबाइलवर व्हिडिओ काढण्यात दंग होते. लिफ्ट चढली, पुन्हा खाली आली. बाई उतरली तेव्हा बोट हललीसुद्धा नाही.

मग मी स्वतः आत पाय ठेवला. रेघ बुडाली.

गाडीत बसल्याबसल्या मी म्हणाले, "बाई, चुकलं गं माझं."

"अगं, त्यात काय? बाईच ना मी!"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बेल्ट लावायचा तिला कंटाळा. एरवी गाडी टुंग टुंग करून डोकं उठवते. आज गाडी गप्प होती.

मीच वाकून पट्टा ओढला, तिच्या अंगावरून घेतला, खटका लावला.

खटका लागलेलाच होता, तरी पट्टा सरसर मागे सरकला आणि सीटच्या पाठीला सपाट चिकटला.

बाई खिडकीबाहेर बघत होती.