ठिपक्याच्या कांजिण्या

"ठिपक्या? तूच ना रे?"

लस टोचायच्या खोलीबाहेर तो बाकावर बसला होता. या नावाने त्याला हाक मारणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते शाळेच्या दिवसांनंतर त्याला भेटलेलं नव्हतं. भेटावं असं त्याला कित्येकदा वाटलं होतं. पण इथे? सगळं जग सोडून नेमकं याच बाकापाशी?

त्याने मान वर केली. ओली छत्री मिटत ती समोर उभी होती. वेण्या जाऊन आखूड केस आले होते, पण हसताना तो तिरका दात अजूनही सगळ्यांच्या आधी पुढे येत होता.

"बडबडे!" तो जवळजवळ ओरडलाच. शेजारचे आजोबा दचकले, तसा तो ओशाळला.

"अगं बाई, नाव लक्षात आहे म्हणायचं!" ती धपकन त्याच्या शेजारी बसली. "मला वाटलं, मोठा साहेब-बिहेब झाला असशील."

"साहेब कुठला... अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेट्यांमध्ये ठेवतात ना, त्या पेट्या दुरुस्त करतो. तू?"

"मी लहान मुलांचे केस कापते. आणि तेच भोवलं बघ. परवा एक कार्टं आलं खुर्चीत, मानेवर फोड. त्याची आई म्हणते, डास चावलेत! डास कसले, कांजिण्या. आणि मला तर कधी झाल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, लगेच लस घ्या, या वयात झाल्या तर आडव्या व्हाल." तिने त्याच्या पायाशी ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं. "तू कामावर आलायस वाटतं?"

"हो... म्हणजे... एक पेटी बिघडलीये," तो म्हणाला. पेटी बिघडली होती हे खरंच होतं. फक्त त्या बाळांच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी त्यालाही हीच लस घ्यायची होती, एवढं त्याने गिळून टाकलं.

गिळायला कारणही तसंच होतं.

वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून एक वर्ष त्याला आत्याकडे ठेवलं होतं. आत्याच्या शेजारचं घर हिचं. नवी शाळा, नवी मुलं, आणि याच्या तोंडातून शब्द फुटायची मारामार. अशात एके सकाळी त्याच्या अंगावर लाल पुरळ उठलं. आत्याने लांबूनच पाहिलं आणि निकाल देऊन टाकला — कांजिण्या! तिला स्वतःला त्या कधी झाल्या नव्हत्या, त्यामुळे तिची पाचावर धारण बसली. त्याची रवानगी मागच्या खोलीत झाली. आत्या जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि झाडूच्या दांड्याने आत ढकलायची.

त्या खोलीची खिडकी बोळात उघडायची. दुपारी आत्या घोरायला लागली की गजांपलीकडे दोन वेण्या दिसायच्या. "बघू रे ठिपक्या, आज किती?" असं म्हणत ती पालथ्या बादलीवर बसायची आणि समुद्री चाच्यांची गोष्ट वाचायला घ्यायची. कप्तान घोगऱ्या आवाजात, त्याची बायको किनऱ्या आवाजात. जहाज बुडायचं तेव्हा जहाजाचाही आवाज तीच काढायची. हा गजांना नाक लावून ऐकत राहायचा. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्या कोंदट खोलीतच गेल्या.

आता खरं सांगायचं तर पुरळ दोन दिवसांतच मावळलं होतं. घामोळं होतं ते. सकाळी आरशात स्वच्छ चेहरा पाहून पोराला रडू कोसळलं. बरं झाल्यावर खिडकी कसली आणि गोष्ट कसली! दप्तरात लाल शाईचं पेन होतं... पुढचं सांगायला नको. आत्या जवळ येत नव्हती आणि आंघोळ बंद होती, त्यामुळे ठिपके छान टिकले. पुढे अचानक वडील येऊन त्याला घेऊन गेले आणि निरोप घ्यायचाही राहून गेला.

"तुझ्यापायी माझं राणीपद गेलं, ठाऊक आहे?" ती सांगत होती.

"राणीपद?"

"शाळेच्या नाटकात मी राणी होते रे! सगळं पाठ होतं. पण तुझ्या खिडकीशी बसते हे बाईंना कळलं आणि मला घरी बसवलं. म्हणे, सगळ्या शाळेला लागण होईल. दुसऱ्याच मुलीच्या डोक्यावर मुकुट. काय रडले होते मी! पण..." तिने छत्रीच्या मुठीवरून बोट फिरवलं. "पण वाईट नाही वाटत आता. आजारी मित्रासाठी गेलं ना. कधी फार एकटं वाटलं की तेच आठवते... आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो होतो."

त्याने हत्यारांची पेटी जवळ ओढली. हे त्याला ठाऊकच नव्हतं. एक वाक्य बोललं की तिची ती आठवण मातीमोल होणार होती, आणि बहुधा तोही. गप्प राहणं सोपं होतं. हत्यारं उचलायची, 'येतो' म्हणायचं, लस उद्या घ्यायची. पण एवढ्या वर्षांनी ही शेजारी बसलेली, आणि पुन्हा सुरुवात थापेनेच करायची?

"मला कांजिण्या झाल्या नव्हत्या," तो एका दमात म्हणाला.

"कधी?"

"कधीच. म्हणून तर आज टोचून घ्यायला आलोय."

ती हसायच्या बेतात होती, ती तशीच थांबली. "आणि ठिपके?"

"लाल शाई."

"रोज?"

"रोज."

"का रे?" तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"तू येत होतीस म्हणून."

आतून सिस्टरने पुकारा केला, "कांजिण्यांचे पुढचे!" ती उठली. त्याच्याकडे न बघता छत्रीसकट आत गेली. आतल्या खोलीला पलीकडेही एक दार होतं. तो स्वतःच्या नावाने खडे फोडत बसून राहिला.

त्याची पाळी आली. आत पाऊल टाकतो तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर दंडाला कापूस दाबून ती बसलेली.

"लहानपणी झाल्या होत्या का?" सिस्टरने विचारलं.

"नाही झाल्या," उत्तर कोपऱ्यातून आलं. "आख्ख्या गल्लीला वाटलं झाल्या, पण नाही झाल्या. सिस्टर, याहून जाड सुई नाही का हो तुमच्याकडे?"

सिस्टर हसली आणि टोचून मोकळी झाली. "थोडा वेळ बसा दोघंही. चक्कर आली तर सांगा." ती पुढच्या माणसाकडे वळली.

तो तिच्या शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसला. "राणीचं मला खरंच माहीत नव्हतं. मी..."

"मला व्हायचं होतं रे राणी," ती म्हणाली. "राग आलाय मला. येऊ दे."

"येऊ दे."

तिने कापूस उचलून दंड बघितला. मग हळूच म्हणाली, "लग्न राहिलं माझं. स्थळं येऊन गेली, चांगली होती. पण प्रत्येक वेळी मनात यायचं, याच्या खिडकीशी मी बादलीवर जाऊन बसले असते का?"

"आणि?"

"एकाच्याही नाही." तिने पहिल्यांदा सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे भरलेले होते. "मूर्खा, बरा झालो म्हणून सांगितलं असतंस... तरी मी आलेच असते. मला कुठे ठिपके बघायचे होते!"

त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. सुई दुखली म्हणून सांगता आलं असतं, पण त्याला आता खोटं बोलायचं नव्हतं.

"उद्या येशील?" त्याने विचारलं. "मला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे मी. तरीसुद्धा... येशील?"

"येईन," ती म्हणाली.