लिफ्टची जाळी कोण उघडी ठेवतं

चष्मेवाला कानाचं औषध आणायला घराबाहेर पडला, तेव्हा रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मंगळवार संपून बुधवार लागलेला. वेळ इतकी नेमकी लक्षात राहिली, कारण निघताना बायकोने घड्याळाकडे बोट दाखवून बजावलं होतं, साडेबारापर्यंत आला नाहीस तर पोरीला उचलून मी सरळ दवाखाना गाठते.

जुन्या सेक्रेटरीकाकांनी गोष्ट अशी सुरू केली. गच्चीवर त्यांच्यासमोर चार तरुण पोरं-पोरी बसली होती. दिवा नव्हता. गच्चीचा बल्ब बदलायचा खर्च सगळ्यांचा की फक्त वरच्या मजल्याचा, यावर तीन महिने चर्चा चालू होती आणि तोवर सगळे अंधारात ठेचकाळत होते.

पोरं गोष्ट ऐकायला आलीच नव्हती. ती आली होती सहीसाठी. बिल्डिंगचा पाण्याचा पंप रात्री कुणीतरी चालू ठेवतं, टाकी वाहून जाते, सकाळी नळ कोरडे. हे काम दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचंच, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. एकटा राहतो, केव्हाही येतो-जातो, जिन्यात भेटला तर मान खाली घालतो. त्याला घर सोडायला लावणारा कागद तयार होता. नऊ सह्या झाल्या होत्या. काकांची दहावी हवी होती, कारण दोन बिल्डिंगा मिळून वीस वर्षं ते सेक्रेटरी होते. हा माणूस जन्मला तोच हातात नोटीस घेऊन, असं काकू म्हणायच्या.

काकांनी मोबाइलच्या उजेडात कागद वाचला आणि घडी घालून मांडीखाली ठेवला. सही करतो म्हणाले, पण आधी एक ऐका. आधीच्या बिल्डिंगमधलं आहे. माझ्या चांगल्या ओळखीच्या माणसाचं.

ती बिल्डिंग पाच मजल्यांची. मधोमध जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट आणि तिच्याभोवती वळत वळत चढणारा जिना. लिफ्टमधून वर जाताना जिन्यावरचा माणूस दिसायचा आणि जिन्यावरच्याला लिफ्टमधला. भांडायला तिथे विषयांची कमी नव्हती. वरच्यांचे कपडे खालच्यांच्या डोक्यावर ठिबकायचे, एकाच्या चपला दुसऱ्याच्या दारात जायच्या, कबुतरांना दाणे घालणारे आणि कबुतरांची घाण धुणारे एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण या सगळ्या भांडणांचा थोरला भाऊ म्हणजे लिफ्टची जाळी. कुठल्याही मजल्यावरची जाळी बोटभर जरी उघडी राहिली, तरी लिफ्ट हलत नाही. मग खालचा माणूस दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर तोंड करून ओरडत राहतो, आणि वरचा प्रत्येक जण आपापल्या दारातून सांगतो, आमची लागलेलीच आहे.

जाळी उघडी सापडायची ती नेहमी चौथ्या मजल्यावर. तिथे घरं दोनच. एक चष्मेवाल्याचं; त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. समोर नर्सबाई, एकट्या, सत्तरी ओलांडलेल्या. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण बिल्डिंगमधल्या पोरांचे फुटलेले गुडघे अजून त्याच पुसायच्या. हात थोडे थरथरायचे. झालं. सगळ्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. म्हातारीच्या हातात जोर नाही, जाळी ओढवत नाही, अर्धवट टाकून जाते.

चष्मेवाला तेव्हा कमिटीत होता. बेजबाबदारपणावर तोच सगळ्यांत मोठ्याने बोलायचा.

एका संध्याकाळी तो दुकानातून आला. काखेत फ्रेमांचा खोका, कानाला फोन. लिफ्टमधून बाहेर पडून त्याने रोजच्यासारखी कोपराने जाळी ढकलली आणि दार उघडून आत गेला. फ्रेमांची पावती लिफ्टमध्ये राहिली म्हणून तसाच मागे फिरला, आणि बघतो तर खाडकन आपटलेली जाळी स्वतःहून चार बोटं मागे आलेली.

त्याने पुन्हा ढकलून पाहिली. पुन्हा मागे आली. हाताने ओढून कडी बसवली तेव्हा राहिली.

तो जिन्यात उभा राहिला बराच वेळ. समोरच्या दाराआड नर्सबाईंच्या घरी भांडी लावल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर तीन दिवसांनी मीटिंग झाली. ठरलं असं, की लिफ्टला चावी बसवायची. चावी फिरवल्याशिवाय लिफ्ट चालणार नाही. दर घराला एक चावी, फक्त नर्सबाईंना तीन महिने नाही. शिक्षा हा शब्द कुणी वापरला नाही. "शिस्त लागेपर्यंत" असं कागदावर लिहिलं गेलं.

नर्सबाई एकदाच बोलल्या. "मी जाळी लावते. लावून दोनदा हलवून बघते. आयुष्यभर बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय कुणाला औषध दिलं नाही मी. ती सवय जात नाही."

आणि त्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. रागाने नाही. शेजारी म्हणून, की तू तरी सांग यांना.

चष्मेवाल्याने खिशातून फडकं काढलं आणि चष्म्याची काच पुसायला घेतली. काच स्वच्छ होती. तो पुसत राहिला. मग कागद फिरत त्याच्यापर्यंत आला आणि त्याने सही केली.

इथे काका थांबले. एका पोराने दबक्या आवाजात विचारलं, की काका, भूत कधी येणार. मुलींपैकी एकीने त्याला कोपर मारलं.

"येतं," काका म्हणाले. "त्याला आणायला आम्हीच निघालो होतो."

दीड महिना नर्सबाई चार मजले चढल्या. प्रत्येक वळणावर बसायच्या. लिफ्टने जाणाऱ्यांना दिसायच्या, आणि लिफ्टने जाणारे मोबाइलमध्ये बघायचे. चष्मेवाल्याने रोज ठरवलं की उद्या सांगू. उद्या मीटिंग नसायची, परवा सेक्रेटरी गावाला गेलेले असायचे. जाळी मात्र आता तो हाताने नीट लावू लागला होता. त्यामुळे चौथ्या मजल्यावरची जाळी उघडी राहणं बंद झालं, आणि सगळे म्हणाले, बघा, उपाय लागू पडला.

एका रविवारी रात्री नऊच्या सुमारास तो लिफ्टने वर येत होता. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे नर्सबाई पायरीवर बसल्या होत्या. पाठ भिंतीला टेकलेली. लिफ्ट समोरून जाताना त्यांनी हात वर केला. थोडासाच. नमस्काराला करतात तसा, किंवा थांबवायला करतात तसा.

त्याने मोबाइलमध्ये पाहिलं.

सकाळी पेपरवाल्याला त्या तिथेच सापडल्या.

त्या रविवारनंतर सोळा दिवसांनी ही मंगळवारची रात्र. पोरीचा कान संध्याकाळपासून ठणकत होता. अकरानंतर ती कळवळायला लागली. डॉक्टरांनी फोनवर थेंबांचं नाव सांगितलं. घरात औषध नाही, कापूस नाही, काही नाही. रात्रभर उघडं असणारं दुकान पाच मिनिटांवर. चष्मेवाला गेला, बाटली घेतली, जवळजवळ पळतच परत आला. बारा वाजून बावीस मिनिटं. आठ मिनिटं हातात होती.

लिफ्ट तळमजल्यावरच उभी होती. आत शिरला, दोन्ही जाळ्या लावल्या, चावी फिरवली, चार नंबर दाबला.

पहिला मजला गेला. जिन्यात अंधार होता, पण लिफ्टच्या दिव्याचा पट्टा पायऱ्यांवरून सरकत होता, आणि पहिल्या वळणावर कुणीतरी बसलेलं होतं. त्याला वाटलं, वॉचमन असेल.

दुसरा मजला गेला. वळणावर कुणीतरी बसलेलं होतं.

वॉचमन इतक्या लवकर वर येणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने खाली बघितलं. बाटलीकडे. बाटलीवरचं नाव वाचलं.

तिसरा मजला गेला.

आणि लिफ्ट थांबली.

वर, चौथ्या मजल्यावर, जाळी सरकल्याचा आवाज आला होता. सावकाश. कुणीतरी उघडत होतं. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चावी फिरवली. लिफ्ट हलेना. हलणारच नव्हती. जाळी उघडी असल्यावर ती हलत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक.

बायकोला हाक मारायला तोंड उघडलं.

वरून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

समोर, जाळीपलीकडे, हातभर अंतरावर... ती पायरी होती. रिकामी. पण भिंतीला पाठ टेकल्यावर चुन्यावरून कापड घासतं, तसा आवाज झाला. मग श्वास. चार मजले चढलेल्या माणसाचा. आत घेतलेला... थांबलेला... सोडलेला.

त्याने यावेळी मोबाइल काढला नाही. डोळेही मिटले नाहीत. एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

"मी होतो," तो म्हणाला. "जाळी माझ्याकडून उघडी राहायची. मला माहीत होतं."

काही झालं नाही.

"मीटिंगच्या आधीपासून माहीत होतं."

श्वास थांबला.

किती वेळ गेला, त्याला सांगता यायचं नाही. मग वर चौथ्या मजल्यावर जाळी लागली. पूर्ण. कडी बसली. आणि कुणीतरी ती हलवून पाहिली.

एकदा.

...

दोनदा.

लिफ्ट आपोआप वर निघाली.

घराचं दार आतून बंद होतं. त्याने बेल दाबली. बायको झोपेतून उठून आली. पोर जरा शांत झाली, तेव्हा खुर्चीतच डोळा लागला म्हणाली. साखळी तिनेच काढली. आत पोरगी कुशीवर गाढ झोपली होती. गाल कोरडा, अंग निवलेलं. वरच्या कानात कापूस होता. नुसता कोंबलेला नव्हे. घट्ट वळलेला, आणि काढायला सोपं जावं म्हणून टोकाला बारीकशी शेपटी ठेवलेली.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तशी ती झोपेतच पुटपुटली. "नर्सआजीने घातलं. दुखलं नाही."

औषधाची बाटली त्याच्या मुठीत होती. तिचं सील तसंच होतं.

गच्चीखालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

मग काका म्हणाले, की लोक भुताला भितात ते ठीकच आहे, पण त्या माणसाला भीती नाही वाटली. भीती वाटली असती तर बरं, असं तो म्हणायचा. मानगूट धरली असती, जिन्यावरून ढकललं असतं, तर हिशेब मिटला म्हणून तो झोपला असता. पण नर्सबाईंनी त्याला अडवलं, आणि तेवढ्यात जाऊन त्याच्या पोरीचा कान बघितला. हे कुठे घेऊन जायचं माणसाने?

सकाळी सात वाजता तो सेक्रेटरीच्या दारात उभा होता. सगळं सांगितलं. मीटिंग बोलवा म्हणाला, मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे.

"मग?" कोपर मारलेल्या मुलीने विचारलं.

"मग काय. सेक्रेटरीने त्याला चहा पाजला. म्हणाला, गेलेल्या माणसाला आता काय उपयोग? ठराव चुकला असं लिहायचं का? खाली सगळ्यांच्या सह्या आहेत." काका हातांकडे बघत बोलत होते. "पंधरा दिवसांनी दुरुस्तीच्या नावाखाली चावी काढून टाकली. कुणी काही विचारलं नाही. त्या माणसाने वर्षभरात घर विकलं. तो आज कुठे असतो ते मला ठाऊक नाही. तो सेक्रेटरी कुठे असतो ते ठाऊक आहे."

अंधारात एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, ते बरंच होतं.

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, की तुमच्यापैकी कुणी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला पंपाचं बटण दाबताना पाहिलंय का. पाहिलं असेल तर मी सही करतो, पेन आहे माझ्याकडे.

एकाने घसा खाकरला आणि मोबाइलमध्ये पाहिलं.

"तो चष्मेवाला घर सोडून निघाला, तेव्हा माझ्याकडे आला होता," काका म्हणाले. "हे दिलं. म्हणाला, तुमच्याकडे राहू द्या, सही तुमचीही आहे."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची एक डबी काढली आणि उघडून मधे धरली. मोबाइलचा उजेड पाडल्यावर आत कापसाचा एक लहानसा बोळा दिसला. पांढरा, घट्ट वळलेला, टोकाला शेपटी. औषधाचा वास आला. काका म्हणाले, येत्या पावसाळ्यात अकरा वर्षं होतील.

त्याच मुलीने बोट पुढे केलं. कापसाला लावलं, आणि झटकन मागे घेतलं.

तिने बोट ओढणीला पुसलं. मग पुन्हा एकदा पुसलं, आणि ओढणीवरचा तो ओला डाग ती बघत राहिली.